साडेअकरा हजार फुटांवर लेकीच्या घरी

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. हा नियम मी केलेला नाही, पण मला तो मान्य होता. म्हणून लेकीला सातवा लागायच्या आधीच मी वाशीच्या आमच्या दोन खोल्यांतली आतली खोली मोकळी करून ठेवली. कपाट बाहेर ओढलं, डिंक आणि अळीव आणून डब्यांत भरले, जुनी नऊवारी फाडून दुपटी शिवली. तेवढ्यात तिचं पत्र आलं की मी येऊ शकत नाही.

जावई टेलिफोन खात्यात. त्याची बदली लेहला झाली होती आणि लेक त्याच्याबरोबर गेली होती. पत्रात लिहिलं होतं की अंगावरून गेलं, डॉक्टरीण म्हणते खाटेवरून हलायचं नाही, विमान नाही की मोटार नाही, बाळंतपण इथेच होईल. शेवटी लिहिलं होतं, आई तू काळजी करू नकोस, आमची घरमालकीण फार चांगली आहे.

घरमालकीण चांगली आहे! मी पत्राची घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवली. आमचे हे कांदा-बटाटा बाजारात गोणी वजन करणारे तोलार होते. बाजार मुंबईतून वाशीला आला तसे आम्हीही त्याच्यामागून आलो. दुपारी ते जेवायला घरी आले. ताट वाढताना सांगितलं, "मी लेहला जाते."

"कशी जाणार?"

"विमानानं."

"तू विमान बघितलंयस का कधी?"

"रोज बघते. डोक्यावरून जातं."

त्यांनी भाकरी मोडली. "मला रजा नाही."

"तुम्हाला कोण बोलावतंय? दिल्लीपर्यंत सोडा म्हणजे झालं. पुढं माझं मी बघते."

जावई तिकीट काढून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. माझ्या पाटल्या होत्या, त्या कामी आल्या. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

सोसायटीतल्या बायका एकेक करून येऊन जात होत्या. कोणी कापराची पुडी दिली, कोणी लसणाची माळ. समोरच्या बाई शिकलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिथं हवा विरळ असते हो, काकू."

मी म्हटलं, "विरळ व्हायला हवा म्हणजे काय केस आहेत?"

"श्वास पुरत नाही. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं आणि पाणी भरपूर प्यायचं. माझ्या भावानं सांगितलंय, तो मिलिटरीत आहे."

मला हसू आलं. आमच्या बिल्डिंगचा पंप महिन्यातून चार वेळा बंद पडायचा. खालच्या टाकीवरून दोन हंडे घेऊन मी तीन जिने चढत असे, आणि वर आल्यावर लगेच कणीक मळायला बसत असे. मिलिटरीतल्या भावाला हे जमलं असतं का, मला शंका आहे.

नणंद मात्र कापूर घेऊन आली नाही. आमच्या ह्यांची ती थोरली बहीण, तळमजल्यावर राहायची. दारातच उभी राहून म्हणाली, "जातेस तर जा. पण लेकीच्या घरचं पाणी तोंडात घालू नकोस. मूल हाती येईपर्यंत एक घोटसुद्धा नको. तुझ्या आईनं काय केलं ते विसरली नाहीस ना?"

"नाही विसरले, वन्सं."

आमच्याकडे अशी रीत होती की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या पहिल्या खेपेला, पाचव्या महिन्यात, आई मला भेटायला सासरी आली होती. वैशाखातल्या दुपारी सहा मैल चालत आली होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती प्यायली. पुढे मुलगा झाला आणि आठव्या दिवशी ताप येऊन, झटके येऊन गेला. सासू म्हणाली, विहीणबाई पाणी प्यायल्या होत्या ना, मग आणखी काय व्हायचं. त्यानंतर मला तीन मुलं झाली, सगळी जगली, पण आई मरेपर्यंत माझ्या घरी पाण्याला शिवली नाही. आली तर विहिरीवर जाऊन ओंजळीनं प्यायची.

तेव्हा नणंदेला मला धाक घालायची गरज नव्हती. धाक माझ्या पोटात होताच.

मी गोडेतेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन लिंबू आणि राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि वाशीच्या नळाचं पाणी उकळून, गार करून त्यात भरलं. पीठ, तांदूळ, डाळ, तिखट, सगळं माझं मी बांधून घेतलं. स्वतःचा शिधा असला की लेकीच्या चुलीवर शिजवायला हरकत नसते. पाण्याचं असं ठरवलं की पहिले चार-पाच दिवस कॅनवर काढायचे. तिथून सिंधू नदी जाते असं भूगोलात शिकलेलं लेकीनं सांगितलं होतं. नदीचं पाणी कोणाच्या घरचं नसतं. पुढे रोज नदीवरून आणायचं.

नदी गावापासून किती लांब आहे हे मी कोणाला विचारलं नाही.

दिल्लीहून मंगळवारी पहाटे विमान निघालं. खिडकीतून खाली बर्फाचे डोंगर दिसत होते. शेजारचा शिपाई हात जोडून बसला होता. मी कॅन पायांत धरून बसले होते. विमान उतरलं, दार उघडलं आणि बाहेर पाहिलं तर हिरवं असं काही नाही. जिकडे पाहावं तिकडे उघडे डोंगर, भाजलेल्या विटेच्या रंगाचे, आणि खाली वाळू. आमच्याकडे खाडीचा वास असतो, चिखलाचा, मिठागरांचा, बाजारातल्या सडक्या कांद्याचा. इथे हवेला वासच नव्हता. उन्हात डोकं भाजत होतं आणि भिंतीच्या सावलीत उभं राहिलं की दात वाजत होते.

जावई न्यायला आला होता. तो मला मामी म्हणायचा. ट्रंक त्याच्याकडे दिली, कॅन मी दिला नाही.

"मामी, हळू चाला."

"चालतेय की."

"अजून हळू."

घर मातीच्या विटांचं होतं. खाली घरमालकीण राहायची आणि वरच्या दोन खोल्यांत ही दोघं. उभा जिना होता, बारा-चौदा पायऱ्यांचा. मी तो नेहमीच्या चालीनं चढले. वर पोचले तेव्हा छातीत कोणी मुसळ घालत असल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. दाराला धरून मी उभी राहिले. लेक आत खाटेवर होती. तिनं हे पाहायच्या आत मी सरळ झाले.

तिचं तोंड बारीक झालं होतं आणि पोट तेवढं दिसत होतं. मला पाहून रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, मेले का मी?" आणि पदर खोचून केरसुणी घेतली.

"आई, आज काही करायचं नाही. दोन दिवस झोपून राहायचं. इथं सगळे तसंच करतात."

"झोपायला आले का मी दोन दिवसांचा प्रवास करून?"

जिन्यावरून घरमालकीण वर आली. माझ्याच वयाची, गालांवर लाल चट्टे, लांब जाड झगा, दोन वेण्या. हात जोडून हिंदीत म्हणाली, "माताजी, आज सोना. कल सोना. परसों चलना."

लेक तिला "हो, आमाले" म्हणाली. मी विचारलं, आमाले म्हणजे काय? तर म्हणे, इकडे आईला म्हणतात. मी त्या बाईकडे नीट पाहून घेतलं आणि कणीक मळायला बसले.

त्या दिवशी मी दोन्ही खोल्या झाडल्या, सारवल्यासारख्या पुसल्या, लेकीचे कपडे धुतले. दोरीवर टाकलेली साडी तासाभरात खडखडीत वाळली. वाशीला मीठ बरणीत पाणी सोडतं आणि पापड आठवडाभर वाळत नाहीत, त्यामुळे ते पाहून मला इतका आनंद झाला की मी पडदेही काढून धुतले. तहान लागली तसं कॅनमधून पेल्यात ओतून दोन घोट घेतले. पाच दिवस पुरवायचं होतं.

जावयानं ते पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. लेक बोलली.

"हे काय आणलंयस?"

"पाणी."

"कुठलं?"

"घरचं."

"वाशीच्या नळाचं पाणी हिमालयात आणलंस? आई, इथं वरून बर्फ वितळून येतं!"

"येऊ दे. मूल झालं की पिईन."

"अगं, हे आजीचं खूळ अजून सोडलं नाहीस तू?"

"गप्प पड," मी म्हटलं. "तू काही बघितलेलं नाहीस."

संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागलं. डोकेदुखी मला माहीत होती, पण ही वेगळी होती. डोक्याला लोखंडी कडं घालून कोणीतरी ते आवळत होतं. जेवण जाईना. आडवं झालं की श्वास अर्ध्यावर थांबायचा आणि दचकून जाग यायची. बुधवारी सकाळी ओकारी झाली. ओठ फुटले, नाकातून रक्त आलं. कापूर हुंगला, लसूण चावला, त्यानं फक्त तोंडाला वास आला. कॅनमधलं पाणी मी आणखी जपून घ्यायला लागले, कारण नदी आठ किलोमीटरवर आहे हे आता कळलं होतं आणि मला खाटेपासून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं. जावई म्हणाला, मी नदीवरून आणून देतो. पण त्यानं आणलं की ते त्याच्या घरचं झालं. मी नको म्हटलं.

लघवी जवळजवळ बंद झाली होती. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्या वेळी सांगायला वाटली, आणि तिथेच चुकलं.

घरमालकीण दुपारी लाकडी वाटीत चहा घेऊन आली. लोणी आणि मीठ घातलेला, लांबट लाकडी भांड्यात घुसळलेला. तिचं घर वेगळं, तिची चूल वेगळी, त्यामुळे तिच्या हातचं घ्यायला रीत आड येत नव्हती. मी प्यायले. खाडीच्या पाण्यात तूप सोडल्यासारखं लागलं, पण पोटात राहिलं. पहिल्यांदाच काहीतरी राहिलं होतं. ती माझ्या पायाशी बसून म्हणाली, "और लाऊँ?" मी मान हलवली.

लेक कुशीवर वळून आमच्याकडे बघत होती. घरमालकीण खाली गेल्यावर म्हणाली, "तिचं चालतं. माझं चालत नाही."

"तसं नाही."

"तसंच आहे. मी तुला परकी झाले."

मी भिंतीकडे तोंड करून पडले.

गुरुवारी सकाळी जावयानं डॉक्टरणीला आणलं. लेकीला तपासणारी तीच. तिकडचीच मुलगी होती, तिशीची असेल. आधी लेकीला पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. जीभ बघितली, छातीला नळी लावली, माझ्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. तिनं ती जावयाला दाखवली.

"पानी पी रही हैं?" मला विचारलं.

"पी रही हूँ."

"कितना?"

"भरपूर."

खाटेवरून लेक म्हणाली, "डॉक्टर, ये झूठ बोलती है. ये मेरे घर का पानी नहीं पीती. रिवाज है."

डॉक्टरणीनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "किसका रिवाज?"

"हमारा," मी म्हटलं.

"पानी में कुछ खराबी है?"

"नहीं."

"बेटी से झगड़ा है?"

"नहीं."

"फिर?"

आता हिला हिंदीत कसं समजावायचं? माझं हिंदी भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. मी म्हटलं, "बच्चा होने तक नहीं पीते."

"बच्चा होने तक आप रहेंगी नहीं, माताजी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "शनिवार को जहाज है. तब तक ठीक नहीं हुईं तो मैं खुद बिठाऊँगी. मेरे पास एक पेशंट है, मुझे दो नहीं चाहिए. अभी सिर दुखता है, कल फेफड़ों में पानी भर सकता है. फिर मैं भी कुछ नहीं कर सकूँगी."

ती गेली. जावई कामावर जाता जाता जिन्यात थांबला आणि म्हणाला, "मामी, मी शनिवारचं तिकीट बघून ठेवतो." त्याला तेच योग्य वाटलं असणार. मला मात्र त्या क्षणी विमानात बसण्यापेक्षा तिथेच मेलेलं बरं वाटलं. लेकीला एकटी सोडून, आतली खोली रिकामी ठेवून, अळीवाचे डबे तसेच परत आणून मी वाशीला काय तोंड दाखवणार होते? आणि तोंडाचं जाऊ दे. पोर इथे विटांच्या डोंगरात बाळंत होणार आणि मी तिसऱ्या मजल्यावर बसून तारेची वाट बघणार.

दुपारी मला पुन्हा उमासा आला. घमेलं खाटेखाली सरकलं होतं, हाताला लागेना. लेक उठली.

"उठू नकोस!"

"मग कोण धरणार?"

एक हात भिंतीला, एक पोटाला लावून ती चार पावलं आली. तिनं घमेलं ओढलं, माझ्यापुढे धरलं, माझं कपाळ धरलं. माझ्या पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी पडलं. माझं तोंड पुसलं आणि ती तिथेच एकदम जमिनीवर बसली. चेहरा पांढरा. दोन्ही हात पोटावर.

मला वाटलं, गेलं.

किती वेळ ते सांगता येणार नाही. शंभर मोजायला लागतात तेवढा असेल. मग तिनं श्वास सोडला. "काही नाही. कळ आली होती. गेली."

"खाटेवर जा."

"जाते, थांब."

"आत्ता जा!" मी ओरडले, आणि ओरडल्यामुळे डोकं फुटायला आलं.

ती गेली, आडवी झाली. मी तिच्याकडे बघत राहिले. मी तिचं करायला आले होते आणि ती माझं घमेलं धरत होती. त्या वेळी जे मनात आलं ते जसंच्या तसं सांगते. हे मूल गेलं असतं तर लोकांनी काहीतरी कारण काढलंच असतं. पाणी प्यायले नसते तर म्हणाले असते, गरवार लेकीच्या घरी डोंगर ओलांडून गेली. गेले नसते तर म्हणाले असते, गेली नाही. ज्याला बोल लावायचा असतो त्याला पाणीच लागतं असं नाही. माझं मूल तापानं गेलं होतं. गावात डॉक्टर नव्हता, सुईणीनं विळ्यानं नाळ कापली होती, तो विळा मी डोळ्यांनी पाहिला होता, गवत कापायचा. त्या विळ्याला कोणी काही म्हणालं नाही. सहा मैल चालून आलेल्या माझ्या आईला म्हणाले. आणि मीही म्हणाले होते, तोंडानं नाही पण मनात, वीस-पंचवीस वर्षं.

मी खाटेवरून खाली उतरले. उभं राहता येईना म्हणून गुडघ्यांवर आणि हातांवर स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात कळशी होती. झाकण काढून पेला बुडवला आणि प्यायले. घटाघटा प्यायले तर सगळं उलटलं. पुन्हा बुडवला. या वेळी एकेक घोट घेतला, मध्ये थांबून, जिभेवर धरून. पाणी इतकं गार होतं की दात दुखले. मेलेल्या सासूला मी मोठ्यानं सांगितलं, "बघा, पितेय. काय करायचं ते करा."

आतून लेकीचा घाबरा आवाज आला. "आई? कोणाशी बोलतेस?"

"तुझ्या आजीशी."

तिला वाटलं, पाणी माझ्या मेंदूत भरलं. तिनं जमिनीवर चप्पल आपटून घरमालकिणीला बोलावलं. ती बिचारी धावत वर आली तर मी कळशीला टेकून पेला हातात धरून बसलेली. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "अच्छा, अच्छा. धीरे."

जावई संध्याकाळी आला तेव्हा मी खाटेवर बसून त्याच्याच तांब्यातून पीत होते. तो दारात थांबला.

"मामी, हे..."

"पाणी पितेय. दिसत नाही का?"

"दिसतंय," तो म्हणाला, आणि पायातले बूट काढायला इतका वेळ खाली वाकून बसला की मीच म्हटलं, उठ आता, चहा कर. वाशीचं उरलेलं पाणी होतं, त्या पाण्यानं जावयाकडून मोरी धुऊन घेतली.

मग मी निजले. शुक्रवारभर निजले. डॉक्टरणीनं आणि घरमालकिणीनं सांगितलं होतं तसं, डोकं उंच करून, अर्ध्या तासानं दोन घोट, मधूनमधून मिठाचा चहा, वरणाचं पाणी. सुरुवातीला काही फरक पडेना. संध्याकाळी मोरीत जाऊन आले तेव्हा मला एवढं समाधान वाटलं की ते मी कोणत्याही देवळातून बाहेर पडताना अनुभवलेलं नाही. डोक्याचं कडं एकेक आटा सैल होत होतं. मात्र निजून राहणं हे मला काम म्हणून करावं लागलं. पंचेचाळीस वर्षांत मी दिवसा आडवी झालेली नव्हते. भिंतीवरचं ऊन सरकताना बघायचं आणि हात जागेवर ठेवायचे, याला जोर लागतो.

शनिवारी सकाळी डॉक्टरीण आली ती जीप खाली उभी करूनच. ट्रंक भरलेली होती. ती म्हणाली, "खडी हो जाइए." झाले उभी. जमिनीवर चटईची लांब कड होती. म्हणाली, या कडेवरून चाला, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. डोक्यात बिघाड असेल तर तोल जातो म्हणे.

मी निघाले. चौथ्या पावलाला कलले आणि भिंतीला हात लागला.

ती जावयाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "उधर मत देखो, इधर देखो. फिर से करती हूँ."

"माताजी..."

"फिर से."

दुसऱ्यांदा निघाले तेव्हा पायांकडे बघितलंच नाही. डोक्यावर हंडा आहे असं धरलं आणि समोरच्या खिडकीवर नजर ठेवली. चटईच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. लेक खाटेवर उठून बसली होती, तिला झोप म्हणायचंही मी विसरले. डॉक्टरणीनं माझे ओठ पाहिले, नखं दाबून पाहिली, कातडी पुन्हा चिमटीत धरली. खाली गेली कातडी.

"रुकिए," ती म्हणाली. "लेकिन दो दिन सीढ़ी नहीं उतरेंगी. झाड़ू हाथ में दिखा तो अगला जहाज."

तासाभरानं विमान आमच्या छपरावरून गेलं. मी खाटेवर पडून ऐकलं. माझ्या जागेवर कोण बसलं असेल असं मनात आलं, आणि मग झोप लागली, गाढ, श्वास न अडकता.

मूल व्हायला अजून दोन महिने होते. शरीराला शिकवावं लागतं, आणि ते आपल्या मर्जीनं शिकतं. वीस पावलं चालायचं, थांबायचं, श्वास येऊ द्यायचा, पुन्हा वीस. पंधरा दिवसांनी वीसची साठ झाली. डाळ कुकरशिवाय शिजत नाही, भात कच्चा राहतो, हे शिकले. ओठांना जर्दाळूच्या बियांचं तेल लावायला घरमालकिणीनं शिकवलं, मी तिला थालीपीठ शिकवलं. तिला आमाले म्हणायला मला थोडे दिवस लागले.

पहिल्याच आठवड्यात मी घरी पत्र घातलं होतं, की वन्संना सांगा, मी लेकीच्या घरचं पाणी प्याले. ह्यांचं उत्तर आलं: ताई म्हणते, आता जे होईल ते तुझ्या माथी. मी पोस्टकार्ड टाकलं, "माझ्या माथ्याला सवय आहे." पण खोटं कशाला सांगू? ते दोन महिने रोज सकाळी लेक उठायच्या आधी मी तिचं अंथरूण नीट बघून घेत असे, डाग नाही ना म्हणून. आणि मग तिच्याच कळशीतलं पाणी मुद्दाम तिच्यासमोर पीत असे.

मुलगी झाली, हे आधीच सांगून टाकते. लहानशी, काळीसावळी आणि मोठ्या आवाजाची. दोघी चांगल्या राहिल्या. मात्र त्या सकाळचं थोडं राहिलं आहे.

कळा सकाळी सुरू झाल्या. दवाखान्याच्या जीपमध्ये लेक, जावई आणि सामान एवढीच जागा होती. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. दवाखाना चढावर होता. साठ पावलं, थांबा. साठ पावलं, थांबा. वाटेत एक म्हातारा गाढव घेऊन चालला होता, तो दोनदा माझ्यापुढे गेला आणि दोनदा मी त्याला गाठलं. वर पोचले तेव्हा जावई बाकावर बसला होता आणि आतल्या दारात एक नर्स उभी होती, पांढरी टोपी घातलेली, खालच्याच कुठल्यातरी प्रांतातून आलेली असावी.

"आप बाहर रुकिए," ती म्हणाली. "अंदर सिर्फ स्टाफ."

"मी तिची आई."

"हाँ, माँ लोग बाहर ही रुकते हैं."

"रुकत असतील," मी मराठीतच म्हटलं, कारण आता हिंदी जुळवायला वेळ नव्हता. "मी समुद्रावरून इथवर आलेय. चार दिवस ओकलेय. चटईवर चालून दाखवलंय. आता इथं दारात काही मी थांबत नाही. सरक."

आतून लेकीची हाक आली. एकदाच, पण मोठी. नर्सनं मागे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं, चढावरच्या धुळीनं ते घोट्यापर्यंत पांढरे झाले होते.

"चप्पल तो उतारिए," ती म्हणाली.

मी चपला काढल्या, पाय पदरानं पुसले आणि आत गेले.